शाळेसाठी घेतलेलं घर

माझ्या दोन्ही बॅगा जिन्याखाली नीट लावून झाल्यावर परागराव दाराशी जाऊन बसले आणि बुटांच्या नाड्या बांधू लागले. विमानतळावरून मला त्यांनीच आणलं होतं. वाटेत चहा पाजला होता, गुडघ्याची चौकशी केली होती. मला वाटलं, दूधबीध आणायचं राहिलं असेल. मी म्हटलंसुद्धा, आता कशाला बाहेर पडता, सकाळी बघू. त्यांनी ऋजुताकडे पाहिलं. ऋजुता शेगडीवरचं पातेलं ढवळत राहिली.

"आई, पराग सध्या इथे राहत नाही," ती म्हणाली. "म्हणजे, शाळेसाठी."

परागराव माझ्या पाया पडले, शर्वरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. जावई सासूला घरी पोचवून स्वतः दुसरीकडे झोपायला गेलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग ऋजुताने मला सगळं समजावलं. तिची बदली इंग्लंडात झाली म्हणून तिघं उन्हाळ्यात पुण्याहून तिथे गेली होती. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. तिथे सरकारी शाळा फुकट असतात आणि चांगल्या असतात, पण मूल कुठल्या शाळेत जाणार हे घरापासूनच्या अंतरावर ठरतं. ही मंडळी पोचेपर्यंत जवळच्या सगळ्या शाळांचे वर्ग भरलेले. तिथल्या नगरपालिकेने, तिला कौन्सिल म्हणतात, शर्वरीला गावाच्या पार दुसऱ्या टोकाची शाळा दिली. दोन बस बदलून जायचं, आणि ऋजुता तर पहाटेच लंडनची गाडी पकडणार. त्यांनी ती शाळा नाकारली आणि चर्चच्या मागच्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं. त्या यादीत जो शाळेच्या सगळ्यात जवळ राहतो तो सगळ्यात वर. म्हणून परागरावांनी त्या शाळेच्या मागच्याच रस्त्यावर, एका लाँड्रीच्या दुकानावर, फ्लॅट घेतला होता. कौन्सिलला सांगितलं होतं की आईवडील वेगळे राहतात आणि मुलगी शाळेच्या दिवसांत वडिलांकडे असते.

"म्हणजे खोटं सांगितलं," मी म्हटलं.

"कागदावरचं आहे गं आई. इथे बरेच जण करतात."

"तोंडचं खोटं माणसं विसरतात. कागदावरचं कोणी विसरत नाही."

तिने मला भात वाढला.

मी सांगलीला विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी केली, त्यातली बरीचशी वर्षं दाव्यांच्या टेबलावर. जळालेलं दुकान खरंच जळलं की जाळलं, पाय खरंच घसरला की घसरवला, हे ठरवायचं काम. सुरुवातीला वाईट वाटायचं. पुढे पुढे अंगवळणी पडलं. माणूस किती पटापट उत्तर देतो, न विचारलेलं किती सांगतो, नवरा बोलत असताना बायको कुठे बघते, हे मला न ठरवताही दिसायला लागलं. आमचे हे म्हणायचे, तू पाहुण्यांकडेसुद्धा अशी बघतेस की जणू ते आपला चहाचा कप उचलून नेणार आहेत. ते गेल्यावर तर मला असं कोणी टोकणारंही उरलं नव्हतं.

तर मला या घरात काहीतरी दिसायला लागलं.

सोमवार ते गुरुवार शर्वरी रात्री झोपायला वडिलांकडे जायची. मी विचारलं, हे कशाला? यादीत नाव आहे ना, पुरे की. ऋजुता म्हणाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मूल दिसायला हवं, उद्या चौकशी झाली तर. ऑफिसला जाता जाता परागराव तिला माझ्याकडे सोडत. मी तिला न्हाऊमाखू घाली, पाढे म्हणून घेई, आम्ही दोघी दुपारी बागेत जाऊन बदकांना ओट्स टाकून येऊ. पाच वर्षांची पोर, शाळेचं तोंड न बघता महिना-दीड महिना घरात. संध्याकाळी परागराव येत. ऋजुताची गाडी आली की आम्ही चौघं जेवायला बसू. जेवून झालं की बापलेक कोट चढवून निघत.

जेवताना ती दोघं एकमेकांशी फार चांगली वागत. हे मला पहिल्यांदा खुपलं. "मीठ देतोस? थँक्यू." "तू दमली असशील, भांडी मी घासतो." लग्नाला नऊ वर्षं झालेली माणसं असं बोलत नाहीत. निदान पाहुण्यांसमोर तरी नवरा-बायकोत एखादी कुरबूर होतेच. यांच्यात होत नव्हती. आणि परागराव आपल्याच घरात पाणी प्यायला कपाट उघडायच्या आधी क्षणभर थांबत.

मला शंका यायची ती आलीच. पुरुषमाणसाला शाळेच्या नावाखाली वेगळं घर मिळालं. बायको रात्री दमून येते. आपली पोरगी भोळी, तिनेच त्याला किल्ली काढून दिली.

एकदा मी ऋजुताला म्हटलं, चल, रविवारी तो फ्लॅट तरी दाखव मला. ती म्हणाली, "तिथे बघण्यासारखं काही नाही गं. आणि उगाच माणसं जाता-येता दिसायला नकोत." पटापट म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एकदा विचारून जे कळतं तेवढं पुरतं.

शर्वरीला विचारणं बरं नव्हे हे मला कळत होतं. तरी विचारलं. तिच्या वेण्या घालत होते, तिचं तोंड पलीकडे होतं.

"बाबाकडे कोण कोण येतं गं?"

"कॅरोल येते."

माझा हात थांबला. "कॅरोल कोण?"

शर्वरी वळली. अर्धी वेणी सुटली. माझ्याकडे तिने असं पाहिलं की जणू मी विमा कचेरीत आणि ती दावेदार. "आज्जी, खरं सांगू की ठरलेलं सांगू?"

मला भयंकर वाटलं. एवढ्याशा लेकराला या दोघांनी दोन प्रकारची उत्तरं शिकवून ठेवली होती, एक शाळेला सांगायचं आणि एक घरातलं. मी म्हटलं, राहू दे, काही सांगू नकोस. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि पुन्हा पाठ केली. कॅरोलचं माझ्या मनात तसंच राहिलं.

त्यानंतरच्या सोमवारी जेवताना परागराव म्हणाले की शुक्रवारी कौन्सिलचा माणूस फ्लॅटवर येणार आहे. मुलगी खरंच तिथे राहते का ते बघायला.

ऋजुताच्या हातातला घास तसाच राहिला. "कोणीतरी कळवलं," ती म्हणाली. तिचा संशय वरच्या मजल्यावरच्या ललितावर होता. ललिता मूळची गुंटूरची, फार गोड बाई. तिचाही मुलगा त्याच यादीत होता. परागराव म्हणाले, असं नसेल, चौकशी करायची त्यांची पद्धत असेल. ऋजुता म्हणाली, तुला सगळीच माणसं चांगली वाटतात. एवढंच त्या दोघांचं माझ्यादेखत झालेलं भांडण. आणि तेही लगेच विझलं. दुसऱ्या दिवशी ललिता जिन्यात भेटली तेव्हा ऋजुता तिच्याकडे न बघता पुढे गेली. मी मागे होते, मला त्या बाईचा चेहरा दिसला.

मी त्या दोघांना म्हटलं की घरझडती कशी होते ते मला माहीत आहे, मी काही मदत करू का? दोघं एकदमच नको म्हणाली. "तू त्यात पडू नकोस आई," ऋजुता म्हणाली. "आमचं आम्ही बघतो."

रात्रभर मी त्याचाच विचार केला. ही दोघं पकडली जाणार. लबाडी करायलाही अक्कल लागते आणि ती या दोघांकडे नाही. चौकशीला आलेला माणूस खेळणी बघत नाही. तो न्हाणीघर बघतो, वाळत घातलेले कपडे बघतो, कपाटात मुलाच्या खाण्याचं काय आहे ते बघतो. मी असते तर तेच बघितलं असतं. फ्लॅटवर एक गादी आणि दोन बाहुल्या टाकून ही समाधानात असणार. पकडली गेली तर शाळाही गेली आणि अब्रूही. परदेशात जाऊन पाटणकरांच्या सुनेने, माझ्या मुलीने, सरकारला फसवलं, असं लोक म्हणणार.

आणि हेही खरं की मला ते घर बघायचं होतं. कॅरोलसकट.

बुधवारी दोघं कामाला गेल्यावर मी एका पिशवीत शर्वरीचे फ्रॉक, मोजे, आतले कपडे, तिची जुनी वाटी-चमचा असं भरलं. फ्लॅटची जादा किल्ली स्वयंपाकघराच्या खणात असायची, ती घेतली. शर्वरीला म्हटलं, मला बाबाच्या घरी घेऊन चल. ती जराशी घुटमळली, मग माझा हात धरून निघाली. चर्चला वळसा घालून, शाळेच्या कुंपणाला बोट घासत. आत मुलं खेळत होती. शर्वरी त्यांच्याकडे बघायला थांबली नाही. रोजच्या रस्त्यावरची गोष्ट असावी तशी पुढे गेली.

लाँड्रीच्या काउंटरमागे एक साठीची जाड बाई इस्त्री करत होती. तिने शर्वरीला बघून हात हलवला. "कॅरोल," शर्वरी मला म्हणाली. "तू आली नव्हतीस तेव्हा बाबाला उशीर झाला तर मी हिच्याकडे बसायचे."

जिना चढताना माझ्या मनातून एक संशय तरी गळून पडला.

आत अरुंद बोळ, पहिलंच दार न्हाणीघराचं. तिथे छोट्या स्टुलावर छोटा टॉवेल, बेसिनपाशी छोटा ब्रश. मी मनात म्हटलं, परागराव वाटले त्यापेक्षा हुशार निघाले. पण वाळत घातलेलं काही नव्हतं. मी पिशवीतून तीन फ्रॉक काढले, नळाखाली धरले, पिळले आणि बोळातल्या हीटरवर पसरले. आता कोणीही म्हणेल, घरात मूल आहे. ते करताना मला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडली, आज स्वतः एक नीटनेटकी करत होते, आणि ती लेकीसाठी होती.

मग मी मोजे ठेवायला झोपायच्या खोलीत गेले. तिथलं छोटं कपाट उघडलं तर ते भरलेलं होतं. थंडीचे कोट, पायजमे, पावसाचे बूट. ऋजुताच्या घरी शर्वरीचे होते त्याहून जास्त कपडे. खिडकीत तिने रंगवलेली चित्रं, काही जुनी, कडा वळलेली. शर्वरी तोवर पलंगाखालून कसलंसं खोकं ओढून आपल्या खेळात रमलीसुद्धा होती. मी तेही स्वतःला समजावलं. व्यवस्था चोख आहे, म्हटलं.

वाटी-चमचा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. ओट्याच्या वर एका फळीवर लाल कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर देव होते.

पाटणकरांच्या घरचे टाक. खंडोबा, भवानी, जोतिबा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला विहीणबाईंनी ते माझ्यासमोर या दोघांच्या ओंजळीत दिले होते. समोर बॅटरीवरची पणती. तुपाची लावली तर तिकडे धुराची घंटा वाजते. टाकांना गंध लावलेलं होतं, त्याच सकाळचं, कडेला अजून ओलसर. ऋजुताच्या देवघरात मी दिलेली अन्नपूर्णा एकटी होती. मला वाटलं होतं, बाकीचे देव अजून सामानाच्या खोक्यात असतील.

मी वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. कपडे, ब्रश, चित्रं हे सगळं कौन्सिलच्या माणसाला दाखवायला मांडता येतं. देव मांडून त्याला काय कळणार? तो त्यांच्याकडे बघणारही नाही. त्या फळीवरचे देव कोणाला दाखवायला मांडलेले नव्हते. माणूस जिथे राहतो तिथेच तो आपले देव नेतो.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात एक उंच, वाकलेला माणूस. सायकलचं शिरस्त्राण काखेत, गळ्यात ओळखपत्र. नाव ऑल्डन. मी म्हटलं, तुम्ही शुक्रवारी येणार होता. तो म्हणाला, शुक्रवारीही येणार आहे, पण आधी एकदा न सांगता येण्याची आमची रीत आहे. मी मुलीची आजी आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, घरात मोठं माणूस तुम्हीच असाल तर दोन मिनिटं आत येऊ का? माझं इंग्रजी कचेरीतलं, पण पुरेसं. नाही म्हणता आलं असतं हे मला नंतर सुचलं.

बोळात तो थांबला. हीटरवरच्या फ्रॉकमधून गालिच्यावर थेंब पडत होते. खाली माझी पिशवी उघडी, तिच्यातून चड्ड्या आणि मोजे दिसत होते. त्याने फ्रॉककडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग माझ्याकडे. ती नजर मी ओळखली. ती माझीच होती.

"तुम्ही सामान आणताय की नेताय?" त्याने विचारलं.

वाटेत मी उत्तरं तयार केली होती. ही इथेच राहते, मी तिची आजी, रोज कपडे धुते. सगळी पाठ होती. आता ती सगळी खरी असल्याचं मला कळून दोन मिनिटं झाली नव्हती, आणि त्यातलं एकही मला म्हणता येत नव्हतं.

शर्वरी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. त्या परक्या माणसाकडे बघून तिने मराठीत विचारलं, "आज्जी, खरं सांगू की ठरलेलं सांगू?"

"काय म्हणाली ती?" ऑल्डनने विचारलं.

मी खोटं भाषांतर करू शकले असते. त्याला काय कळणार होतं? पण मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याने हातातलं पेन खिशात ठेवलं. "मग तिला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

मी शर्वरीसमोर खाली बसले. गुडघा ठणकला. "खरं सांग," मी म्हटलं.

ती त्याच्याकडे वळून इंग्रजीत बोलायला लागली. इतकी सरळ आणि स्वच्छ की मी बघतच राहिले. "मी सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार इथे राहते. मग आईकडे. आई आणि बाबा आता एका घरात राहणार नाहीत, पण ते दोघं माझेच आहेत. मी पुण्याला होते तेव्हापासून." मग ती थांबली. "हे आज्जीला सांगायचं नाही, असं ठरलंय."

म्हणून झाल्यावर तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला. मी तिला जवळ ओढलं. तिच्या केसांवरून मी त्या माणसाकडे बघितलं, आणि पुढचं मी उभी न राहताच बोलले.

"हे कपडे मी आत्ता ओले केले," मी म्हटलं. "पिशवी मी आणली. मला वाटलं होतं माझी मुलगी आणि जावई तुम्हाला फसवताहेत, आणि त्यांना ते नीट जमत नाहीये. म्हणून मदत करायला आले. ती वेगळी झालीत हे मला माहीत नव्हतं. मला कोणी सांगितलं नाही."

हे एका अनोळखी माणसाला, परक्या भाषेत, गालिच्यावर बसून सांगताना मला जी लाज वाटली ती मी विसरलेले नाही. पण मला हेही कळत होतं की त्याला पटेल असं माझ्याकडे तेवढंच आहे. दाव्याच्या टेबलावर कोणी मला असं काही सांगितलं असतं तर मी ते मानलं असतं. स्वतःची एवढी शोभा कोणी बनवून सांगत नाही.

ऑल्डनने खोलीत डोकावून ते भरलेलं कपाट पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, परत आला. "रिकाम्या खोलीत मुलाचे कपडे आणून ठेवणारे मी खूप पाहिलेत," तो म्हणाला. "भरल्या घरात आणून ठेवणाऱ्या तुम्ही पहिल्याच." हसला नाही. शुक्रवारी वडिलांना भेटेन म्हणाला. जाताना माझा हात धरून मला उठवलं आणि जिना उतरून गेला.

संध्याकाळी परागराव ऑफिसातून थेट तिकडेच आले. मी त्यांना तसं कळवलं होतं. दारात मला बघून ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "आई, बसा. चहा टाकतो." त्या घरात ते कपाट उघडायच्या आधी थांबले नाहीत. चहा झाला. मी दुपारची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती मान खाली घालून ऐकली आणि एवढंच म्हणाले, "तुम्हाला सांगायला हवं होतं. मी म्हणत होतो. पण ती तुमची मुलगी, तिने सांगायचं."

आम्हा सगळ्यांना कौतुक होतं की बायकोची बदली झाली तर हा माणूस चांगली नोकरी सोडून तिच्यामागे परदेशी गेला. सांगलीत मी कितीजणींना ते सांगितलं होतं. तो बायकोमागे गेलाच नव्हता. त्याला मुलगी दिसत राहायला हवी होती म्हणून तो गेला होता.

बुधवार होता, शर्वरी तिथेच राहिली. मी एकटी परत आले.

ऋजुता आली ती मला बघूनच समजली. कोट न काढता समोरच्या खुर्चीवर बसली.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पुण्यातच ठरलं. वर्ष होऊन गेलं."

"दुसरं कोणी आहे त्याचं?"

"नाही. माझंही नाही. असतं तर तुला समजायला सोपं गेलं असतं."

"मग कारण?"

"एक असतं तर सांगितलं असतं, आई."

ती टेबलावरची चुरगळलेली पुसणी घडी घालत होती, उलगडत होती. म्हणाली, आत्याची मेधा नवऱ्याला सोडून आली तेव्हा तू आठ दिवस तिच्यापुढे बसून होतीस. कोण काय म्हणालं, आधी कोण म्हणालं, मग तू काय केलंस. शेवटी ती कंटाळून परत गेली. "माझीही तू अशीच फाइल उघडशील, असं वाटलं. कुणाची चूक किती, आणि दुरुस्त होण्यासारखं आहे का. माझ्यात ती ताकद नव्हती गं."

"म्हणून मला सांगितलंस की शाळेला खोटं सांगितलंय."

"शाळेला आम्ही खरंच सांगितलं होतं," ऋजुता म्हणाली. "खोटं फक्त तुला सांगितलं."

मला राग यायला हवा होता. तो आला नाही. एवढंच डोळ्यांपुढे आलं की गेले कित्येक दिवस चौघं जेवायला बसत होतो ती जेवणं माझ्यासाठी मांडलेली होती. दोघं दिवसभर राबून येत आणि माझ्यासमोर एक संसार लावून दाखवत. आणि मी त्यातल्या फटी मोजत बसले होते.

"मग बोलावलंस कशाला मला?" मी विचारलं.

"शर्वरीला घरात कोणीतरी हवं होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "मलाही हवं होतं."

माझ्याकडे विचारायला पुष्कळ होतं. मी उठले, आमटी गरम केली, तिचं ताट वाढलं. ती जेवायला लागली आणि जेवता जेवताच रडायला लागली. लहानपणी ती अशीच रडायची, घास न थांबवता. मी शेजारी बसून राहिले. काही विचारलं नाही. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

ऑल्डन शुक्रवारी आला, परागरावांशी बोलून गेला. त्यांनी त्याला विचारलं की तक्रार कोणी केली होती. तो म्हणाला, तक्रार कोणाचीच नव्हती. आईवडील वेगळे राहतात असं सांगितलं की आम्ही प्रत्येक घर बघून येतो. त्या संध्याकाळी ऋजुता वरच्या मजल्यावर ललिताकडे गेली आणि बऱ्याच उशिराने, डोळे सुजवून, इडलीचा डबा घेऊन खाली आली.

जागा पुढच्या आठवड्यात मिळाली, कोणाचं तरी मूल गाव सोडून गेलं म्हणून. शर्वरीला सोडायला आम्ही तिघंही गेलो. फाटकापाशी बाईंनी विचारलं, रोज हिला न्यायला कोण येणार? ऋजुता आणि परागराव आळीपाळीने वार सांगत गेले, बाई लिहून घेत होत्या. त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. शर्वरी माझा हात सोडून आत गेली. कोट कुठे टांगायचा एवढंच तिने बाईंना विचारलं.

डिसेंबरात मी परतले. या गोष्टीला आता सात वर्षं होतील. ती दोघं अजून त्याच गावात आहेत, आपापल्या घरात. शर्वरी आता मोठ्या शाळेत जाते, आणि यंदा ऋजुताच्या आजारपणात डबे पोचवत होते ते परागरावच.

त्या डिसेंबरात सांगली स्टेशनवर मला घ्यायला धाकटी बहीण नलू आली होती. रिक्षात बसल्या बसल्या तिने विचारलं, जावयांची तब्येत काय म्हणते? मी तिला सांगून टाकलं. दोघं वेगळी राहतात, कायमची, भांडण नाही. रिक्षाने मारुती चौक ओलांडला. मग नलू माझ्या हातावर हात ठेवून, रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "हे बघ, सध्या कोणाला काही बोलू नकोस. विचारलंच कोणी, तर म्हणू की मुलीच्या शाळेसाठी वेगळं घर घेतलंय. तिकडे असं करतात म्हणे."

"शाळा मिळाली, नलू," मी म्हटलं. "आता ते कारण चालायचं नाही."